एका परातीतला रस्सा

बुऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्याच्या देवरामला मटण सुकं लागे. मासाही सुकाच. तापीचा ताजा मासा घरी आला की बाकीच्यांसाठी कालवण होई आणि त्याच्यासाठी चार तुकडे मीठ-तिखट लावून तव्यावर टाकावे लागत. रस्सा का नको, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "नाही आवडत." त्यापुढे एक शब्द नाही. आवडीनिवडीला कारण सांगणारी माणसं असतात, तशी न सांगणारीही असतात, आणि देवराम तर केळीच्या बागेत दिवसभर एकटा राबणारा, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प माणूस. त्याने सांगितलं नाही आणि कुणी खोदून विचारलं नाही.

त्याची बायको मालूबाई मात्र रावेरकडची, आणि तिच्या माहेरी रस्सा हेच जेवण. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, पाट्यावर मसाला वाटायचा आणि रस्सा असा पातळ करायचा की वाटी तोंडाला लावून पिता आली पाहिजे. तिचा थोरला भाऊ कौतिक तर तुकड्यांकडे बघतही नसे. भाकर कुस्करायची, वर रस्सा ओतायचा आणि कोपरापर्यंत ओघळ आले तरी थांबायचं नाही. लग्न होऊन मालूबाई निंबोल्याला आली तेव्हा नवऱ्याचं सुकं खाणं बघून तिला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग सवय झाली. मसाला परतला, मटण शिजत आलं की पाणी टाकायच्या आधी ती त्याचा वाटा काढून ठेवी, आणि मागे राहिलेल्यात आधण ओती. नवऱ्याचा एक लाड, असं ती समजत होती. बाकी त्याला कसला शौक नव्हता, तेव्हा एवढा लाड पुरवायला तिची ना नव्हती.

भांडण झालं ते या रस्स्यावरूनच, आणि तेही भांडण म्हणावं असं झालंच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालूबाई माहेरी गेली होती आणि तिला न्यायला देवराम दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन आला. कौतिकने जावयासाठी बोकड कापला. गावातली चार मोठी माणसं पंगतीला बोलावली. मालूबाईने वहिनीला सांगून नवऱ्यासाठी सुकं काढून ठेवलं होतं, ते त्याच्या ताटात वाढलंही होतं. पण कौतिकला आग्रहाचं वेड. पाव्हण्याला पोटभर वाढलं नाही तर त्याला आपलं घर लहान वाटे. तो पळी घेऊन मागून आला आणि "दाजी, आज नाही म्हणायचं नाही" असं म्हणत त्याने देवरामच्या भाकरीवर, तुकड्यांवर, सगळ्यावर भरभरून रस्सा ओतला.

देवरामने ताटाकडे बघितलं. लोकांच्या समोर त्याने एक घास घेतलासुद्धा. मग तो उठला, हात न धुता अंगणातून सरळ गोठ्यामागे गेला, आणि आला तो गाडी जुंपायलाच. भरल्या ताटावरून जावई उठला. पंगतीतले हात थांबले. कौतिक पळी घेऊन तसाच उभा होता, आणि त्याचा चेहरा मालूबाईला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. नंतर तो एवढंच म्हणाला की पाव्हण्यांना आमच्या घरचं अन्न चालत नाही, हे आज कळलं.

वाटेने मालूबाईने नवऱ्याला नको नको ते ऐकवलं. माझ्या भावाने जीव टाकून केलं, त्याचं हे फळ का, एक दिवस रस्सा खाल्ला असता तर काय झालं असतं, एवढा कसला रुबाब. देवराम बैलांच्या पाठीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "झालं ते झालं." मालूबाईने मनाशी गाठ मारली की हा माणूस रागीट आहे, आतल्या गाठीचा आहे, आणि त्या दिवसापासून तिचं मन नवऱ्यापासून थोडं दूर गेलं. घरात कमी काही केलं नाही. त्याचा वाटा पाणी टाकायच्या आधी काढत राहिली. पण पूर्वी वाटा काढताना हसत असे, ते हसणं थांबलं.

त्या वर्षी राखीला कौतिक आला नाही, भाऊबीजेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मालूबाईचे आई-बाप कधीच गेले होते. माहेर म्हणजे हा एक भाऊ. ती दिवाळीत ओवाळणीचं ताट तयार करी, दुपारपर्यंत वाट बघे आणि मग चंद्राला ओवाळून ताट उचलून ठेवी.

गावाने या अबोल्याचं कारण आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं. ते दिवस राज्यांच्या फेरवाटणीचे होते. बुऱ्हाणपूर मुंबईकडे जाणार की इकडेच राहणार यावर पानाच्या दुकानात लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात. तेव्हा निंबोल्याच्या पारावर पक्कं झालं की देवराम इकडच्या बाजूचा, मेहुणा तिकडच्या, म्हणून फाटलं. पुढे छप्पन सालचा नोव्हेंबर महिना उजाडला, रावेर मुंबई राज्यात राहिलं, बुऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात गेलं, नागपूरला जाणारे अर्ज भोपाळला जाऊ लागले, आणि पारावरची माणसं म्हणाली, आता काय, आता तर मधे हद्दच पडली. हद्द पूर्वीपासून तिथेच होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. देवरामला तर कुठलं राज्य आलं नि गेलं याची फिकीर नव्हती. केळी बुऱ्हाणपूरच्या बाजारात जात होती तोवर त्याला सगळी राज्यं सारखी.

आणि मग निर्मलाचं लग्न जुळू लागलं. निर्मला ही मालूबाईची एकुलती एक लेक. बुऱ्हाणपूरचे गजानन मास्तर आपल्या मुलासाठी, अरविंदसाठी, तिला बघून गेले. मुलगा तहसिलात कारकून, माणसं नीटस, मुलगी पसंत. मास्तरांनी सगळं ठरवलं आणि उठता उठता विचारलं की मुलीचे मामा दिसले नाहीत. देवरामने खाली बघितलं. मालूबाई म्हणाली, येतील. मास्तर गोड बोलून गेले, पण चार दिवसांनी त्यांचा निरोप आला की मामांची भेट झाली म्हणजे तारीख धरू. मास्तरांचंही चुकत नव्हतं. ज्या घराचा मामा लग्नाला येत नाही, त्या घरात काय शिजतंय, असं कुणीही विचारील. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिथे दुसरा कोणी उभा केला तर मांडवातली सगळी माणसं नवरीकडे न बघता त्या उसन्या मामाकडे बघणार.

मालूबाईची झोप उडाली. लेकीच्या लग्नासाठी उडाली हे खरं, पण भाऊ परत मिळण्याची ही शेवटची संधी आहे हेही तिला कळत होतं. आता नाही आला तर कधीच येणार नाही. ती भाऊबंदातल्या यादवबाबांकडे गेली. यादवबाबा म्हातारे, दोन्हीकडचं नातं सांगणारे, आणि मोडलेलं जोडून देण्यात त्यांना फार गोडी. ते रावेरला जाऊन आले. कौतिकने ऐकून घेतलं, बाबांना चांगलं खाऊपिऊ घातलं आणि एकच अट घातली. देवराम एका परातीत बसणार असेल तर येतो.

परातीची रीत त्यांच्या भाऊबंदात जुनी होती. ज्या दोघांचं फाटलं त्यांनी समोरासमोर बसायचं, मधे एक परात. दोघांनी आपापली भाकर तिच्यात कुस्करायची, वर मटणाचा रस्सा ओतायचा, आणि चार माणसांच्या देखत तो काला दोघांनी संपवायचा. परात रिकामी झाली की अबोला संपला, पुढे त्याचा शब्द काढायचा नाही.

मालूबाईने यादवबाबांना सुचवून बघितलं. तापीचा मोठा मासा आणते, तळून परातीत ठेवते, दोघांनी त्यातून खावं. परात तर एकच राहील. बाबा हसले. म्हणाले, "पोरी, सुके तुकडे ज्याचे त्यानं उचलता येतात. आपल्याकडचा एकानं खाल्ला, त्याच्याकडचा त्यानं. त्याले मेळ नाही म्हनत. रस्सा एकदा ओतला का मंग कोणाचा कोणता, ते देवबी सांगू शकत नाही."

तिने घरी येऊन देवरामला सांगितलं. तो केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटाचे दोर वळत बसला होता. त्याचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. "बसतो," तो म्हणाला. मालूबाईला वाटलं होतं की तो अडून बसेल, समजूत घालावी लागेल, रडावं लागेल. तो एवढ्यात तयार झाला याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात जुना राग होता आणि तो बाहेर आला.

"बसा. लेकिन मधेच उठू नका. या टायमाले उठले तं माझा भाऊ मेला मले."

"नाही उठणार," देवराम म्हणाला.

दिवस ठरला. कौतिक बुऱ्हाणपूर स्टेशनावर उतरून दुपारच्या आधीच निंबोल्याला आला. थोडा वाळला होता, मिशी पांढरी झाली होती. मालूबाई दारात पाणी घेऊन उभी राहिली आणि तिला पुढे होववेना. त्यानेच तिच्या डोक्यावर हात ठेवला. निर्मला पाया पडली, तिला त्याने जवळ घेतलं. देवरामला रामराम घातला तो जमिनीकडे बघून. मालूबाईने पहाटेपासून रांधायला घेतलं होतं. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं होतं आणि माहेरी होई तसा मसाला काळा भाजला होता. त्या दिवशी पाणी टाकायच्या आधी तिने नवऱ्याचा वाटा काढला नाही. काढायला हात गेला होता, तो तिने मागे घेतला. उगाच कुणी सुकं बघितलं आणि शब्द निघाला, हे तिला नको होतं.

ओट्यावर माणसं बसली. यादवबाबा मधे, भाऊबंदांतले तिघे-चौघे एका बाजूला आणि परातीच्या दोन्ही अंगांना ते दोघे. दोघांनी ज्वारीच्या भाकरी कुस्करल्या. बाबांनी स्वतः रस्सा ओतला, चांगला भाकर बुडेपर्यंत. वर तेलाची लाल तर्री आली. बाबा म्हणाले, घ्या नाव देवाचं. कौतिकने मोठा घास घेतला. देवरामनेही घेतला.

मालूबाई दाराआडून बघत होती. देवराम सावकाश खात होता. घास तोंडात गेला की तो डोळे मिटे, गिळे, थोडा थांबे आणि पुन्हा परातीत हात घाली. डाव्या हाताने त्याने आपल्या धोतराचा सोगा घट्ट धरला होता. काही घासांनंतर त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. यादवबाबांनी ते बघितलं आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवली. माणसाला चूक कळली, मन भरून आलं, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता. कौतिकनेही वर बघितलं, आणि त्याचा कडक चेहरा सैल झाला. दारामागे मालूबाईला वाटलं, आतल्या गाठीचा असला तरी माणूस मनाचा चांगला आहे, शेवटी वितळला.

कौतिक तर विरघळूनच गेला, आणि विरघळला की त्याला आग्रहाशिवाय दुसरं काही सुचत नसे. त्याने बाबांजवळच्या पातेलीतली पळी उचलली आणि देवरामच्या बाजूला आणखी रस्सा ओतला.

देवरामने एक घास घेतला. दुसरा उचलला. आणि हातातला घास परातीत ठेवून तो उठला.

ओटा उतरला, अंगण ओलांडलं, घराला वळसा घातला आणि मागे गेला. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. परातीत निम्मा काला तसाच होता. यादवबाबांचं तोंड उघडं राहिलं. मालूबाईला इतका संताप आला की हातातली भाकर तिने चुलीत टाकली असती. एवढं बजावून सांगितलं होतं. उठला. पुन्हा उठला. लेकीचं लग्न, आपलं माहेर, सगळ्यावर पाणी सोडून उठला.

मग कौतिक उठला. तसाच खरकट्या हाताने तोही घरामागे गेला. आता तिथे मारामारी होणार, दुसरं काय होणार. मालूबाई पाण्याचा तांब्या होता तसा उचलून मागच्या दाराने धावली. तांब्या का घेतला, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

घरामागे कडब्याच्या गंजीला एक हात लावून देवराम वाकला होता आणि ओकत होता. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडत होतं. तरी पाठ आचके देतच होती. कौतिक दोन हात अंतरावर उभा राहून बघत होता. त्याच्या अंगातला राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. तो पुढे झाला, डाव्या हाताने देवरामचं कपाळ धरलं, आणि उजवा खरकटा होता तो तसाच लांब धरून ठेवला. लहान पोराला ओकारी झाली की आई धरते, तसं. मालूबाईने तांब्या पुढे केला.

देवरामने चूळ भरली. तोंडावर पाणी मारलं. त्या दोघांकडे बघायला त्याला लाज वाटत होती.

"दाजी," कौतिक म्हणाला, "त्या टायमाले, आखाजीले, गोठ्यामागं गेले होते तुमी. तवाबी असंच झालं होतं का?"

देवरामने मान हलवली.

"मंग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? भिजली भाकर तोंडात गेली का पोट वर येते. लहानपणापासून हाय. मेळच नाही बसत." तो थांबला, श्वास घेतला. "तुमच्या घरी, चार मानसांत, पानावर ओकलो असतो, तं तुमी काय म्हनलं असतं? अन्नाचा अपमान केला म्हनले असते. म्हनून उठलो. आताबी म्हनूनच उठलो."

मालूबाईने तांब्या खाली ठेवला. बावीस वर्षं या माणसाला ती दोन्ही वेळा जेवायला वाढत होती. आपण त्याचा लाड करतोय असं समजत होती, आणि अडीच वर्षं तिने त्याला रागीट समजून मनातून दूर ठेवलं होतं. तिने एकदा नीट विचारलं असतं तर त्याने कदाचित सांगितलं असतं, कदाचित नसतंही. पण तिने विचारलं नव्हतं. आज सकाळी त्याचा वाटाही काढला नव्हता. तिला स्वतःची फार लाज वाटली, आणि ती पदराने त्याचं तोंड पुसू लागली. भावासमोर नवऱ्याला असा हात लावायची रीत नव्हती. लावला.

"बसू नका आता," ती म्हणाली. "पडा घरात. मी सांगते बाबांले."

"परात राहिली," देवराम म्हणाला आणि सरळ उभा राहिला.

तिघे पुढे आले. ओट्यावर सगळे जागचे हलले नव्हते. यादवबाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की रीत मोडली, परात रिकामी झाल्याशिवाय उठायचं नसतं, आता हे पुन्हा एखाद्या चांगल्या दिवशी करावं लागेल. त्यांचा आवाज नाराज होता. जोडायला घेतलेलं हातात तुटलं की अशा माणसांना ते स्वतःचंच अपयश वाटतं.

कौतिक आपल्या जागी बसला. देवरामला त्याने समोर बसवलं. मग परात दोन्ही हातांनी धरून त्याने आपल्याकडे ओढली.

"रीत नाही मोडली, बाबा," तो म्हणाला. "दाजींले सोसत नाही, तरी ते बसले. त्यांचं मी खातो."

यादवबाबांनी देवरामकडे बघितलं, त्याचा पांढरा पडलेला चेहरा बघितला, ओलं धोतर बघितलं. काय झालं असेल ते त्यांना कळलं असावं, कारण पुढे त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले की मग दोघं शेवटपर्यंत बसा म्हणजे झालं.

कौतिक खाऊ लागला. तो आधीच पोटभर जेवला होता, आणि ती परात चांगली मोठी होती. थंड झालेल्या काल्यावर तर्री गोठत आली होती. एरवी कुणी वाढलं असतं तर त्याने ताट बाजूला सारलं असतं. तो घासामागून घास घेत राहिला, मधे थांबून पाणी प्याला, कपाळाचा घाम पुसला, पुन्हा खाऊ लागला. मालूबाईने पुढे होऊन नवऱ्याला हळूच सांगितलं की वास सोसत नसेल तर उठा, आता कुणी काही म्हणणार नाही.

"त्यांचं होऊ दे," देवराम म्हणाला. आणि कौतिकने परात बोटांनी पुसून शेवटचा घास खाईपर्यंत तो समोर बसून राहिला, तोंड जरासं दुसरीकडे करून.